चालू मशीनवरचं माप

माझी बहीण तेव्हा चौथीत होती. गल्लीत खेळता खेळता ती एकदम थांबायची, भिंतीला टेकायची आणि म्हणायची, "ताई, आत परत पळतंय." मी तिच्या छातीवर हात ठेवायचे. ठोके इतके घाईने पडत, की एक कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो ते कळत नसे. तिचे ओठ पांढरे पडत. आणि मग, कुणी बटण बंद करावं तसं, सगळं थांबायचं. रिक्षा दवाखान्यापाशी पोचेपर्यंत ती वडापाव मागायला लागलेली असे. ईसीजी दर वेळी चांगला.

"नाटकं आहेत, शाळा बुडवायची," शेजारच्या काकू म्हणाल्या.

"रविवारी कुठे शाळा असते, काकू?" बहिणीने विचारलं. आईने तिला आत ओढलं.

मला कॉलेजात लक्ष लागेनासं झालं. घरून फोन येईल म्हणून तास चालू असताना मी बाकाखाली मोबाइल उलटा-सुलटा करत राहायचे.

शेवटी लहान मुलांचं हृदय बघणाऱ्या डॉक्टर मॅडम मिळाल्या. त्या म्हणाल्या, "ठोका बिघडतो, तेव्हाच तो पकडायला हवा." त्यांनी बहिणीच्या छातीवर चिकट पट्ट्या लावल्या आणि त्यांच्या वायरी कमरेच्या एका डबीला जोडल्या. एक दिवस आणि एक रात्र ते यंत्र अंगावर ठेवायचं, त्रास झाला की डबीचं बटण दाबायचं. "भिजवू नका. बाकी हिला नेहमीसारखं राहू द्या."

घरात कॉलेजला जाणारी मी पहिलीच. त्यामुळे दवाखान्यातलं ऐकून घरी समजावायचं काम माझ्याकडे असतं. मी मॅडमचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. पण पप्पा सातपूरच्या कारखान्यात लेथवर, लोखंडाचा जॉब फिरवून कापायच्या मशीनवर, काम करतात. ते म्हणाले, "माप घ्यायचं तर आधी मशीन थांबवायचं. फिरत्या जॉबला मापाचा गेज लावला तर माप चुकतं, वर हात जातो तो वेगळा."

सगळ्यांना पटलं. मलाही. बहिणीला पलंगावर बसवलं, शाळा नाही, पळणं नाही, हसणंसुद्धा बेताने. आईने कितीतरी वर्षांनी तिला हाताने भरवलं. गल्लीतल्या पोरांना पप्पांनी लांब पिटाळलं. एवढा शांत दिवस आमच्या घरात कधी गेला नव्हता.

मॅडमनी नोंद बघितली. "काहीच नाही यात. दिवसभर काय करत होती ही?"

"बसून होते," बहीण म्हणाली. "पप्पांनी मला बंद ठेवलं होतं."

मॅडमना आधी हसू आलं, मग त्यांनी पप्पांना खुर्ची दिली. पप्पांनी लेथचं सांगितलं. सांगता सांगताच ते थांबले. "म्हणजे हे माप चालू मशीनवरच घ्यायचं," ते हळूच म्हणाले.

पुन्हा यंत्र लागलं, आणि या वेळी मला तिला खेळवायचं होतं. त्या दिवसाबद्दल मला अजून नीट लिहिता येत नाही. ज्या गोष्टीला आम्ही इतके दिवस भीत होतो, ती आज यावी म्हणून मी वाट बघत होते. मी तिच्याशी लंगडी खेळले, पकडापकडी खेळले. पप्पा पहिली पाळी करून आले ते कपडे न बदलता दारातच उभे. आई आत भांडी पुन्हा पुन्हा घासत होती. दुपार गेली. काही नाही.

"ताई, आज येतच नाही गं," बहीण कंटाळून म्हणाली.

ऊन उतरल्यावर ती लंगडी घालत असतानाच थांबली. भिंत शोधली. "आलं."

आई पाणी घेऊन धावली. "तिला आडवी करा!"

"थांब, आधी बटण," पप्पा म्हणाले. मी बटण दाबलं आणि तिचा हात धरून नुसती बसले. थांबल्यावर तिने पहिलं विचारलं, "सापडलं का?"

सापडलं होतं. दुसऱ्या दिवशी मॅडमच्या पडद्यावर ठोक्यांच्या रेघा कंगव्याच्या दातांसारख्या दाट होत्या. मॅडमनी सांगितलं, हृदयात ठोके चालवणाऱ्या विजेला एक जादा वाट आहे, तिथून ती गोल फिरते. रोजचं औषध घ्यायचं. मोठी झाली की शिरेतून बारीक तार घालून ती वाट बंद करता येईल. तोवर पुन्हा पळायला लागलं तर रिकाम्या सिरिंजमध्ये जोर लावून फुंकायचं, त्या जोराने ठोका बऱ्याचदा ताळ्यावर येतो; थांबलं नाही तर लगेच दवाखाना.

सिरिंज आता तिच्या दप्तरात असते. परवा मी कॉलेजला निघाले, तेव्हा ती दारात चप्पल शोधत होती. आई आत मिक्सरवर चटणी वाटत होती.

"जा, खेळ," आई म्हणाली, आणि बहिणीची पावलं ऐकू यावीत म्हणून तिने मिक्सर बंद केला.