अजिंक्य संघ आणि सुका बोंबील

आमच्या गावच्या हुतूतू संघाचं नाव होतं 'वज्रदेही बजरंग अजिंक्य संघ'. नाव उच्चारून होईपर्यंत निम्मा डाव संपायचा, आणि डाव संपेपर्यंत अजिंक्य संघ हरलेला असायचा. पण नावात काटकसर करणं आमच्या बापसाला ठाऊक नव्हतं. मारुतीच्या देवळाची देखरेख तोच करी, संघाचा कारभारीही तोच, आणि माझा दादूस संघाचा म्होरक्या. त्यामुळे प्रत्येक हार आमच्याच घरी जेवायला येई.

नावांचा तोटा तेव्हा कुठेच नव्हता. वरसाव्याचे गडी स्वतःला 'वाघमार' म्हणवत. वाघ कुणी मारला होता ते विचारू नये. त्यांतला एकही दिवेलागणीनंतर एकटा परसाकडे जात नसे. चौक गावची ख्रिस्ती पोरं आपल्या संताच्या नावानं खेळत, आणि हरली की रविवारी पाद्रीबाबांसमोर मान खाली घालून बसत. त्यांची निदान रविवारी सुटका होई. आमच्याकडे नवस होता.

भाईंदरच्या एका मिठागरवाल्या शेठनं हुतूतूच्या सामन्यांना दर वर्षी पितळी ढाल बक्षीस लावायला सुरुवात केली, तेव्हा बापूस मारुतीपुढे उभा राहून बोलून बसला, "ही ढाल तुझ्या देवलात लागेपरयंत मी सुका बोंबील तोंडात घालणार न्हाय."

नवस करावा तर झेपेल तो करावा. हा माणूस भाजलेल्या बोंबलाशिवाय सकाळची भाकरी मोडत नसे. त्याला वास सहन होईना, म्हणून आयनं चुलीवर बोंबील भाजणंच बंद केलं. झालं! अंगणात बांबूच्या वलांडीवर रांगेनं बोंबील सुकतायत, आणि घरात आम्ही दुधीची भाजी खातोय. देवाला बोलला एकटा, उपास घडला सगळ्यांना. नवसाची बातमी गावाबाहेर गेली आणि जो तो अजिंक्य संघाला 'सुका बोंबील' म्हणू लागला.

पहिल्याच वर्षी वाघमारांनी आमच्या पोरांना लोळवलं. भोंगा धरलेला माणूस मैदानभर ओरडला, "बजरंग हरला! बजरंग हरला!" बापसानं कानांवर हात ठेवले. दुसऱ्या दिवशी देवळात बैठक बसली. कुणीतरी म्हणालं, पोरांना नीट खेळायला शिकवा. असल्या फालतू सूचनेकडे कुणी लक्ष दिलं नाही. ठरलं ते असं : जिंकायची खात्री असेल तिथं बजरंगाचं नाव द्यायचं, आणि समोरचे गडी दांडगे दिसले तर सरळ 'सुका बोंबील' म्हणून उतरायचं. हरला तर बोंबील हरेल. बोंबलाला कसली अब्रू!

पुढे कित्येक वर्षं बोंबील हरत राहिला. बजरंगाचं नाव इतकं जपलं की ते कुणाच्या कानावरच पडेना. मध्ये लढाई आली, तांदूळ रेशनवर गेला, बापसाचे पुढचे दात गेले.

आय एकदा म्हणाली, "अवो, देवाला सांगा ना, दुसरं कायतरी सोडतो म्हनून. इडी वढनं सोडा."

"देवाला फसवू?" बापूस म्हणाला. वर्षानुवर्षं देवाला नाव बदलून लपवणारा माणूस! मला त्याचा भयंकर राग यायचा. आणि भाकरीचा तुकडा हातात धरून अंगणाकडे बघत बसलेला दिसला की त्याची कीवही यायची.

मग एका वर्षी आमची पोरं शेवटच्या सामन्यापर्यंत पोचली. समोर पुन्हा वाघमार. बापसानं सकाळी मारुतीला शेंदूर लावला, नारळ फोडला आणि जाहीर केलं की आज बजरंगाच्याच नावानं उतरायचं. आय आणि मी मिठागराच्या बांधावर उभ्या राहिलो. वाघमार मैदानात आले आणि त्यांनी मांड्यांवर थापा मारल्या. बापसानं त्या मांड्या बघितल्या. तरातरा टेबलाशी गेला, लिहिणाऱ्याच्या कानाशी लागला आणि आमच्याकडे आला.

"काय झालं वो?" आयनं विचारलं.

"बोंबील लिवला. उगाच देवाला कशाला तरास?"

दादूस त्या दिवशी असा खेळला की त्याचा तोच चकित झाला असेल. शेवटच्या चढाईत तिघांना अंगावर घेऊन त्यानं मधल्या रेषेला हात लावला. भोंगा ओरडला, "ढाल सुक्या बोंबलाला!"

सगळं गाव नाचत होतं. बापूस टेबलाशी गेला. शेठचा माणूस ढालीवर नाव कोरायला बसला होता. बापूस त्याला म्हणाला, "थांबा जरा. आमचं खरं नाव बजरंग हाय."

"बजरंग तो आज आयाच नहीं, काका," तो म्हणाला. "खेला तो बोंबील."

ढाल वाजतगाजत गावात आली आणि देवळाच्या पायरीशी अडली. मासळी देवळात कशी न्यायची? कुणी म्हणालं, नावावर शेंदूर फासू. बापूसच नको म्हणाला. "ही मारुतीनं जिकलेली न्हाय. मीच त्याला खेलू दिला न्हाय." एवढं बोलून तो पायरीवर बसला.

शेवटी आयनं ढाल उचलली आणि अंगणातल्या वलांडीला, बोंबलांच्या रांगेत टांगली. "आपल्या मानसांत बरी," म्हणाली. मग दोन बोंबील ओढून काढले, निखाऱ्यावर भाजले आणि त्याला पुढचे दात नव्हते म्हणून पाट्यावर लसूण-मिरचीबरोबर वाटले.

"अगं, नवस फिटला न्हाय," बापूस म्हणाला.

"तो मी घेतला. आजपासनं जलमभर मी बोंबील खानार न्हाय. तुमी जेवा."

बापूस जेवला. ताट पुसून जेवला. मग आमच्या घरात रोज बोंबील भाजला जाऊ लागला. आय रोज पाट्यावर चटणी वाटायची आणि बोटभर माझ्यापुढे धरायची, "मीठ बरोबर हाय का बघ." माझं लग्न होऊन मी गेले, तेव्हापासून ती मीठ बघायला शेजारणीला हाक मारायची.