भुतामागचा दिवाणजी

आमच्या घरात मला गोष्टीची पुस्तकं उशिरा मिळाली, पत्रकं आधी. बाबांचं सेलूत बी-बियाण्यांचं दुकान, पण गल्ल्याशेजारी कायम अंधश्रद्धेविरुद्धच्या पत्रकांचा गठ्ठा. ‘बंधू-भगिनींनो, जागे व्हा’ हे वाचतच मी अक्षरं जुळवायला शिकले. त्यामुळे एखादी गोष्ट नुसती नावडणं मला जमत नाही. मी निषेध करते.

गेल्या वर्षी मी जुन्या सिनेमांच्या चॅनेलचा निषेध केला.

ते चॅनेल आत्याचं. बाबांची ही थोरली बहीण आमच्याकडेच राहते. सकाळ-संध्याकाळ टीव्हीवर बाबांच्या बातम्या, दुपारी दोन ते पाच मात्र रिमोट तिच्या हातात. पूर्वी त्या वेळी गल्लीतल्या आठ-दहा बायका सुपं घेऊन आमच्याकडे यायच्या. हात तुरीच्या डाळीत, डोळे काळ्या-पांढऱ्या सिनेमावर. मग प्रत्येकीच्या हातात मोबाइल आला आणि एकेक सूप कमी होत गेलं. शेवटी आत्या एकटी उरली. सिनेमा लावायची आणि पहिल्या गाण्यालाच भिंतीला टेकून झोपायची.

एका बुधवारी त्या चॅनेलवर अलीकडचा, भुताचा सिनेमा लागला. शेजारची काकू साखर मागायला आली होती, ती वाटी घेऊन तिथेच बसली. दोघीही निर्धास्त. जुन्या सिनेमांवर पोसलेल्या बायका त्या; हवेलीत पांढरी साडी नेसून गाणारी बाई शेवटी जिवंत निघते आणि तिच्यामागे इस्टेटीवर डोळा असलेला एखादा दिवाणजी असतो, हे त्यांना पाठ.

“यातला दिवाणजी कोनता वं?” काकूनं विचारलं.

“तो चष्मेवाला डाक्टर. पाह्यजो, शेवटी पोलीस येते न् त्याले धरते.”

पोलीस आले नाहीत. भुतानं चष्मेवाल्या डॉक्टरलाच छताला चिकटवलं. सिनेमा संपला, पडद्यावर नावं सरकू लागली, तरी दोघी दिवाणजीची वाट पाहत बसलेल्या.

“संपला?” काकू म्हणाली.

“नाई वं. असा कसा संपन? अजून सांगितलं कुठी?”

त्या संध्याकाळी मोरीत जाताना आत्यानं मला दाराशी उभं केलं. आतून दर मिनिटाला विचारत होती, “हायेस ना?”

माझं रक्त खवळलं. मी पत्रक लिहिलं. जुन्या सिनेमात भूत खोटं ठरायचं आणि माणूस गुन्हेगार. आमच्या घरानं वाटलेल्या प्रत्येक पत्रकाचं म्हणणं तेच होतं. या नव्या सिनेमात भूत खरं, आणि शिकलेला डॉक्टर मूर्ख. असल्या सिनेमांनी खुशाल दुसरीकडे जावं, जुन्यांच्या घरात शिरू नये. हे माझं मत आजही आहे. शंभर प्रती छापून घेतल्या, खाली सह्यांसाठी रेघा आखल्या. पहिली सही आत्याची, हे मी गृहीतच धरलं होतं.

पुढच्या बुधवारी गठ्ठा घेऊन घरी आले, तर दारात चपलांचा ढीग. आत आत्या धरून नऊ बायका, नऊ सुपं; मध्यभागी तीच. टीव्हीवर दुसरं भूत.

“आत्या, सही कर.”

“कायले?”

“हे सिनेमे बंद व्हावे म्हणून. तुला मोरीत जायची भीती वाटते ना?”

“वाटते ना! म्हनून तं ह्या बाया आल्या. एकटीनं कोन पाह्यते भुताले? जुना पिक्चर मी दोन वर्षं एकटीनं पाहून राह्यली होती. तवा काऊन नाई आनलं तू पत्रक?”

मी मुद्द्याला चिकटून राहिले. “अगं, पण भूत खरं आहे असं दाखवतात!”

“खोटं हाये ते समजते आमाले,” काकू म्हणाली. “तू सरक बाई, दिसून नाई राह्यलं.”

मी सरकले. तेवढ्यात संगीत थांबलं आणि पडद्यावरचं कपाट हळूहळू उघडू लागलं. आत्यानं माझ्या हातातलं वरचं पत्रक ओढलं आणि तोंडासमोर धरलं. काकूनं दुसरं घेतलं. गठ्ठा हातोहात फिरला. बघता बघता नऊ तोंडं माझ्या निषेधाआड गेली, आणि खरं सांगायचं तर दहावंही.

टीव्हीत कोणीतरी किंचाळलं.

“गेलं का वं ते?” एका पत्रकामागून आवाज आला.

सगळ्यांचीच तोंडं झाकलेली, सांगणार कोण? सुपांत डाळ तशीच पडून. शेवटी, ज्या घरात मी वाढले त्याला स्मरून, मी पत्रक नाकाखाली घेतलं आणि उघड्या डोळ्यांनी पाहिलं.

“नाही गेलं,” म्हणाले, आणि पत्रक झटकन वर केलं.