हसनभायचा पासपोर्ट

आखातात राबलेल्या माझ्या भावांनो, एकच विचारतो.

तुमचा पासपोर्ट कुणाच्या तिजोरीत होता?

माझा कंपनीच्या होता. हसनभायचाही. बाहरीनला उतरलो त्याच दिवशी काढून घेतलेला.

"हरवू नये म्हणून ठेवतो," म्हणायचे. आम्ही काय बालवाडीत होतो?

हसनभाय आज सकाळी वारला. दापोलीजवळ, आपल्या गावात, आपल्या घरात.

मला अजून रडू आलेलं नाही. राग आलाय, आणि तो जुना आहे.

नव्वदच्या दशकात बाहरीनच्या राजधानीत, मनामात, हूरा भागात आम्ही एका खोलीत राहायचो. तो एसी मेकॅनिक, मी ऑफिसात टायपिस्ट.

त्याची आई गेली तेव्हा सुट्टीचा अर्ज मीच टाइप केला. सुट्टी तासाभरात मंजूर झाली. पण तिजोरीची किल्ली मॅनेजरकडे, आणि मॅनेजर परदेशात मजा मारतोय.

"पासपोर्ट मफी," म्हणजे मिळणार नाही, काउंटरवरचा म्हणाला. "साहब को आने दो. इंशाल्ला, सॅटरडे."

तो मंगळवार होता.

हसनभाय गावी पोचला तेव्हा कबरीवरची माती सुकली होती.

पुढच्या सुट्टीला तो मला म्हणाला, "घरी आता कोणासाठी धावू? स्पेनमध्ये ग्रॅनडाच्या महालात भिंतीभर अरबी कोरलंय, मौलवी सांगायचे. वाचून येऊ. तू पण चल. तुला तिथले सगळे राजे पाठ आहेत, भाषणवाल्या."

भाषणवाला म्हणजे मी. दर पंधरा ऑगस्टला मनामातल्या हॉलमध्ये स्वातंत्र्यावर बोलायचो. टाळ्या पडायच्या.

तर सुट्टीपुरते पासपोर्ट कंपनीकडून सोडवून, पाठीवर सॅक टाकून दोघे स्पेनला गेलो. सेव्हिलचं एक हॉस्टेल, एका खोलीत आठ जण.

काउंटरवरच्या बाईने हसनभायचा पासपोर्ट घेतला, नंबर उतरवला आणि परत त्याच्याकडे सरकवला.

त्याने तो तिच्याकडे सरकवला. "नो नो मॅडम. यू कीप. जाताना घेतो."

तिने परत सरकवला. त्याने पुन्हा तिच्याकडे.

मागे रांगेत एक ऑस्ट्रेलियन नर्स आणि दोन पोलिश पोरं होती. ती हसायला लागली.

बाई वैतागून म्हणाली, "अहो, तुमचा आहे. मी कशाला ठेवू?"

हसनभाय माझ्याकडे वळला. "ऐकलंस? माझा आहे, बोलते."

मी हसलो. आज त्या हसण्याची लाज वाटते.

संध्याकाळी त्याने हॉस्टेलच्या किचनमध्ये बाजारातल्या तारल्यांचं कालवण केलं. आमसुलं खोलीवरून आणलेली. पोलिश पोरांनी पातेलं पावाने पुसून खाल्लं.

नर्सने विचारलं, "पासपोर्ट का देत होतास?"

त्याने सांगितलं. आमच्याकडे कंपनी ठेवते.

"आणि घरी कुणी आजारी पडलं तर?"

हसनभाय गॅसवरचा चहा ढवळत राहिला.

"मग शनिवारची वाट बघायची," तो म्हणाला.

कुणी हसलं नाही.

दुसऱ्या दिवशी सगळी पलटण आमच्याबरोबर ग्रॅनडाला आली. भिंतीवरची अक्षरं हसनभाय एकेक लावून मोठ्याने वाचत होता, आणि एक हात शर्टाच्या खिशावर. पुढचे दहा दिवस तो हात तिथून हलला नाही. झोपेतसुद्धा.

परतलो. बाहरीनच्या विमानतळावर कंपनीचा माणूस पासपोर्टसाठी हात पसरून उभाच होता.

मी दिला. हो, मी. स्वातंत्र्यावर तासभर बोलणाऱ्या माणसाने मुकाट्याने खिशात हात घातला आणि दिला.

हसनभायने नाही दिला.

"यल्ला यल्ला, जल्दी, नाटक मत कर," तो माणूस म्हणाला.

"नाटक नहीं. मेरा है. लिख लो, हसन ने नहीं दिया."

मग मला म्हणाला, "भाषणवाल्या, दिलास?"

मी सामानाकडे बघत राहिलो.

त्याचं कॉन्ट्रॅक्ट पुढे वाढवलं नाही. कारण सांगितलं नाही. तो दापोलीला आला, फ्रीज दुरुस्तीचं दुकान टाकलं. मी आणखी अकरा वर्षं तिथे अर्ज टाइप केले. आई वारली, बाप आजारी, बायको अडलेली. नम्र विनंती, नम्र विनंती, नम्र विनंती!

स्वतःच्या मालकीची वस्तू मागायला विनंती कसली?

दर ईदला त्याचा फोन यायचा. "काय भाषणवाल्या, मिळाला का परत?"

हसनभाय, आज कुणाची सही न घेता निघालास. तुला तेच शोभतं. सलाम.

आणि तुम्ही, ज्यांचे मुलगे, भाचे, जावई आज आखातात आहेत, या पोस्टखाली हात जोडलेली चित्रं टाकू नका.

त्यांना फोन लावा. एकच विचारा, "पासपोर्ट कुणाजवळ आहे?"

कंपनीजवळ असेल, तर उद्या कामावर गेल्या गेल्या लेखी मागायला सांगा. शनिवारपर्यंत थांबू नका.