वरची तीन नावं

चार वाजता मीटिंग होती आणि तिच्यात माझ्या सहकारिणीच्या नोकरीचा निकाल लागणार होता. ती पुण्याची, इथे परदेशात बेडोकला भाड्याच्या खोलीत राहणारी. नोकरी गेली की इथे राहायचा पासही जाणार. आमच्या सर्व्हरचा कर्नेल, म्हणजे सगळ्या यंत्रणेचा गाभा, पंधरवडाभर अडखळत होता. कोडमधलं कुठलं फंक्शन किती वेळ खातं ते सांगणारा प्रोफायलर रोज तिच्याच कोडकडे बोट दाखवत होता. तो प्रोफायलर मी लिहिलेला. त्याच्यावर शंका घ्यायचं कुणाच्या मनात येत नव्हतं, माझ्या तर मुळीच नाही.

"एकदा तुमचा प्रोफायलर तपासाल का?" तिने सकाळी विचारलं. मी चिडलो. आपला मराठी माणूस सांभाळून घेईल अशी हिची अपेक्षा दिसते, असं वाटलं. ते तोंडावर दिसलं असणार. दुपारी ती आमच्याबरोबर हॉकर सेंटरला जेवायला आली नाही. परत आलो आणि केवळ तिचं म्हणणं खोडून काढायला तपासायला बसलो.

कुठल्या फंक्शनने कुठल्या फंक्शनला बोलावलं याची यादी प्रोफायलर टिपतो, सगळ्यात शेवटी आलेलं नाव वर. त्यातली वरची तीन नावं प्रोफायलरची स्वतःचीच, म्हणून ती न बघता गाळायची असं मी लिहून ठेवलं होतं. पण मध्यंतरी आम्ही नवा कंपायलर, म्हणजे कोडचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्रॅम, घेतला आणि त्याने त्या तिघांतल्या दोघांना एकात मिसळून टाकलं. वर त्याची दोनच नावं उरली. तिसरं म्हणून मी गाळत होतो ते खऱ्या गुन्हेगाराचं नाव, आणि दोष जात होता त्याला बोलावणाऱ्या तिच्या फंक्शनवर. चोर सोडून संन्याशाला फाशी, तीही माझ्या हातून.

तीनचे दोन केले आणि पुन्हा चालवलं. साडेतीनला यादी आली. सगळ्यात जास्त वेळ खाणारं जे फंक्शन होतं ते मी लिहिलेलं, गेल्याच महिन्यात, घाईघाईत.

कोणी पाहिलं नव्हतं. खोटं कशाला बोलू, दोनचे परत तीन करावेत असं मनात येऊन गेलं. मला स्वतःची किळस आली.

मीटिंगमध्ये मी यादी पडद्यावर लावली आणि चूक माझी आहे, दोन्हीकडची, असं सांगितलं. मॅनेजर हसला. "ओके लाह, फिक्स इट," इथल्या ढंगात म्हणाला आणि पुढच्या विषयाकडे वळला.

लिफ्टपाशी मी तिची माफी मागितली. तिने मान हलवली.

"चूक माझी ठरली असती," ती म्हणाली, "तर आत्ता मी सामान बांधत असते."