लाल शाईतलं उत्तर

माझ्या मैत्रिणीचा आवाज असा होता, की मैदानाच्या पार टोकाला खो-खो खेळणाऱ्या मुली तिने वर्गातून हाक मारली तरी जागच्या जागी थांबत. जळगावच्या आमच्या शाळेत ती मराठी शिकवायची, मी गणित. बावीस वर्षं स्टाफरूममध्ये आमच्या खुर्च्या शेजारी होत्या. तिचा नवरा फार लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. शाळा हेच तिचं घर होतं.

दोन वर्षांपूर्वी तिचा घसा बसला, तो बसलाच. काढे झाले, गुळण्या झाल्या, मग नाशिकला तपासण्या झाल्या. स्वरयंत्राचा कॅन्सर निघाला. "मी तर कधी सुपारीसुद्धा खाल्ली नाही गं," एवढंच ती मला घोगऱ्या आवाजात म्हणाली. ऑपरेशनमध्ये स्वरयंत्र काढून टाकावं लागलं. जीव वाचला, आवाज गेला. श्वास घ्यायला गळ्यापाशी एक छिद्र ठेवलं होतं, त्यावर ती पांढरा रुमाल बांधू लागली. एकटीनं राहणं शक्य नव्हतं म्हणून भाऊ तिला धुळ्याला, माहेरी घेऊन गेला.

फोनवर ती बोलू शकत नव्हती. शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून ती पहिल्याच महिन्यात बाहेर पडली. मी पाठवलेले मेसेज ती उघडतही नव्हती. शेवटी एका रविवारी मी वांग्याचं भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी बांधून घेतल्या आणि धुळ्याची बस धरली.

दार तिच्या वहिनीनं उघडलं. बाहेरच्या खोलीत पलंगावर तिचे वडील बसले होते. त्यांना सगळे आबा म्हणत. आतल्या खोलीचं दार बंद होतं. वहिनीनं दोनदा टकटक केलं, माझं नाव सांगितलं. आतून कडी लावल्याचा आवाज आला. मी दोन तास थांबले. चहा झाला, दुसरा चहा झाला. शेवटी आबा म्हणाले, "बेटा, तू रागे भरू नको. ती आते कोणलेच भेटत नई."

मी डबा तिथेच ठेवून निघाले. बसमध्ये बसल्यावर मात्र राग आला, आणि चांगलाच आला. बावीस वर्षांत आम्ही दोघींनी एकमेकींपासून काही लपवलं नव्हतं. पारोळा येईपर्यंत मी रागावलेलीच होते. एरंडोलच्या पुढे कधीतरी मनाशी ठरलं, की तिला नसेल भेटायचं तर नको भेटू दे, पण मी गप्प बसायची नाही. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर पोस्टात गेले आणि पोस्टकार्डांची चवड घेऊन आले. दर सोमवारी आणि गुरुवारी एक कार्ड टाकायचं, उत्तर येवो न येवो.

पहिली काही कार्डं आता आठवली तरी मला लाज वाटते. 'धीर सोडू नकोस', 'हेही दिवस जातील', 'तू तर किती खंबीर', असलं सगळं. ज्या बाईनं आयुष्यभर मुलींच्या निबंधांतली अशी वाक्यं खोडली, तिलाच मी ती लिहून पाठवत होते.

महिनाभरानं मी वहिनीला फोन केला. ती बिचारी आधी घुटमळली. मग म्हणाली, "ताई, खरं सांगू का? कार्ड आलं की त्या एकदा बघतात आणि केराच्या टोपलीत टाकतात. तुम्ही कशाला त्रास घेता?"

फोन ठेवून मी हे नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "आता बास कर. तिला नकोय."

"तिला उपदेश नकोय," मी म्हणाले. "कार्ड नकोय असं ती कुठे म्हणाली?"

त्या गुरुवारपासून मी तिच्या आजाराबद्दल एक अक्षर लिहिलं नाही. जे घडलं ते लिहायला लागले. कुकरची शिट्टी उडून डाळ छताला कशी चिकटली आणि नवऱ्यानं स्टुलावर चढून उलथन्यानं ती कशी खरवडली. नववीतल्या एका मुलीनं पायथागोरसच्या जागी शिपायाचं आडनाव लिहून प्रमेय कसं पूर्ण केलं. नवीन मराठीच्या बाई वर्गात इतक्या हळू बोलतात, की मागच्या बाकावर मुलींनी वेण्या घालायचा धंदा सुरू केलाय. मे महिन्यातल्या उन्हात चप्पल डांबराला चिकटली आणि मी टपालपेटीपर्यंत एका पायानं लंगडी घालत गेले, तेही लिहिलं. मध्ये मला टायफॉइड झाला. तेव्हा पडल्या पडल्या गुडघ्यावर पाटी ठेवून दोन ओळी खरडल्या. सोमवार चुकू दिला नाही.

धुळ्यात काय चाललं होतं, ते मला पुष्कळ नंतर वहिनीकडून कळलं. पोस्टकार्ड उघडं असतं. ते आतल्या खोलीत जाण्याआधी वहिनी वाचायची. डाळीचं कार्ड वाचून तिला हसू आवरेना. आबांना दिसत कमी होतं, पण हसण्याचा आवाज ऐकून ते म्हणाले, "काय लिखेल शे? मन्हा पुढे वाच ना." तिनं मोठ्यानं वाचलं. आबाही खो-खो हसले. तेव्हापासून पोस्टमन येऊन गेला की ते विचारायचे, "आज कार्ड उनं का?" असं तीन-चार आठवडे चाललं. मग एका गुरुवारी आबा वहिनीला कार्ड वाचायला सांगत असतानाच आतलं दार उघडलं, माझी मैत्रीण बाहेर आली, वहिनीच्या हातातून कार्ड घेतलं आणि पुन्हा आत गेली. त्या दिवशी टोपलीत काही पडलं नाही.

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मला फक्त एक पाकीट मिळालं. शाळेतून घरी आले तर दाराच्या फटीत अडकवलेलं. आत माझंच कार्ड होतं, लाल शाईनं रंगलेलं. 'परिक्षा' मधला 'रि' खोडून 'री' केलेला, 'दुध' चं 'दूध', 'आशिर्वाद' चं 'आशीर्वाद', असेच आणखी दोन शब्द. आणि खाली तिच्या त्या वळणदार अक्षरात: 'पाच चुका. गणिताच्या शिक्षिकेला शोभत नाही असं नाही, पण मला बघवत नाही.'

मी पायरीवरच बसले आणि रडले. शेजारच्या काकू धावत आल्या, "काय झालं? कोण गेलं?" त्यांना वाटलं तारेसारखं काही आलंय. मी म्हटलं, "कोणी गेलं नाही. माझ्या चुका निघाल्यात."

पुढच्या कार्डात मी जरा जास्तच शहाणपणा केला. तिला आणखी काम मिळावं म्हणून ठिकठिकाणी चुका पेरल्या. ते कार्ड परत आलं तेव्हा त्यावर एकच ओळ होती: 'मुद्दाम केलेल्या चुका मी तपासत नाही.'

तिथून आमचं लिहिणं दोन्ही बाजूंनी सुरू झालं. ती लिहायची तेव्हा सरळ लिहायची. आंघोळीला भीती वाटते, गळ्यात पाणी जाईल म्हणून. झोपेत कुणाला तरी हाक मारते, आणि जाग येते तेव्हा कळतं, की हाक निघालीच नाही. डॉक्टरांनी गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र दिलंय, पण त्यातून येणारा आवाज बँकेच्या मशीनसारखा, म्हणून ते खोक्यातून काढलेलंच नाही. 'त्या आवाजात मी कविता शिकवू?' असं तिनं विचारलं होतं. मी लिहिलं, की याचं उत्तर माझ्याकडे नाही.

दिवाळीनंतर ती तपासणीला नाशिकला गेली. तिथे बाकावर तिच्या शेजारी मुक्ताईनगरकडची एक बाई बसली होती. घरची केळीची शेती, वय पन्नाशीचं. तिचंही तेच ऑपरेशन व्हायचं होतं. बाई पदर तोंडात धरून नुसती बसली होती. माझ्या मैत्रिणीनं त्या बाईसोबत आलेल्या तिच्या सुनेकडून पत्ता लिहून घेतला आणि धुळ्याला आल्यावर त्या बाईला कार्डं टाकायला लागली. फोनवर बोलता येत नाही म्हणून निरोपासाठी माझा नंबर दिला.

पंधरा दिवसांनी त्या सुनेचा मला फोन आला. "मॅडम, आमच्या सासूबाई ऑपरेशनला नाहीच म्हणताहेत. मी कार्डं वाचून दाखवली. त्या म्हणतात, त्या बाईंचं बरंय, त्यांना लिहिता येतं. मला ना लिहिता येत, ना वाचता. तोंड बंद झालं तर मी गाईसारखी नुसती बघत बसू का?"

मी हे सगळं जसंच्या तसं धुळ्याला कळवलं. कार्ड पोचायला वेळ लागला असता म्हणून वहिनीच्या फोनवर लिहून पाठवलं. उत्तर तासाभरात आलं: 'शनिवारी जळगावला येते. मुक्ताईनगरला जाऊ.'

ऑपरेशननंतर ती पहिल्यांदाच एकटीनं घराबाहेर पडत होती. बसस्टँडवर मी तिला पाहिलं तेव्हा ती वाळली होती, केस पांढरे झाले होते, गळ्यापाशी रुमाल होता. मी काही बोलणार तेवढ्यात तिनं वहीत लिहून दाखवलं: 'रडायचं नाही. बस सुटेल.'

भुसावळ गेलं, वरणगाव गेलं. ती खिडकीतून बाहेर बघत होती, पिशवी मांडीवर घट्ट धरून.

घर रस्त्याला लागूनच होतं. बाई ओसरीवर बसली होती. आम्हाला बघून तिनं मान वळवली. सुनेनं पाणी आणलं. मैत्रिणीनं वही काढली नाही. पिशवीतून ते खोकं काढलं. त्यातलं यंत्र लहानशा टॉर्चएवढं होतं. तिनं ते गळ्याच्या बाजूला टेकवलं.

"भिऊ नका," ती म्हणाली.

सपाट, घरघरणारा, यंत्राचाच आवाज. ना चढ, ना उतार. पण शब्द स्पष्ट होते, आणि ते तिचे होते. गेले आठ दिवस ती आबांसमोर बसून सराव करत होती, हे तिनं मला सांगितलंच नव्हतं.

बाई तिच्याकडे टक लावून बघत होती. "हे तुमी बोलून राह्यले का मशीन?"

"मीच. मशीन फक्त आवाज करतं."

"लिहिता नाही आलं तरी चालते?"

"चालतं. तोंड हलवता आलं पाहिजे."

बाई जरा पुढे सरकली. मग हळूच विचारलं, "अन् भांडता येते का वं माय?"

मैत्रिणीनं यंत्राचा आवाज वाढवला. "जोरात!"

ते ऐकून ओसरीतलं मांजर पळालं. सून हसली, मी हसले, मग ती बाईही पदराआड हसली. माझी मैत्रीणही हसत होती. तिच्या हसण्याला आवाज नव्हता, नुसते खांदे हलत होते. त्यानंतर त्या दोघी तासभर बोलल्या. श्वास कसा घ्यायचा, आंघोळीला काय करायचं, तिखट कधी खाता येतं. आम्ही निघालो तेव्हा बाई शेतातून आलेल्या नवऱ्याला म्हणाली, "डाक्टरले सांगा, येतो आमी."

तिचं ऑपरेशन झालं. पहिले दोन महिने तिला फार जड गेले. यंत्र जमेना, चिडून तिनं एकदा ते केळीच्या बागेत भिरकावलं आणि नातवानं शोधून आणलं. या काळात माझी मैत्रीण दर आठवड्याला तिला कार्ड टाकत होती आणि सून वाचून दाखवत होती. आता ती बाई मजुरांवर यंत्रातून ओरडते, असं सून सांगते.

जूनमध्ये माझी मैत्रीण जळगावला आपल्या घरी परत आली आणि शाळेत रुजू झाली. पहिल्या दिवशी आठवीच्या वर्गात तिनं यंत्र गळ्याला लावलं तशा मुली फिसकन हसल्या. तिनं त्यांना हसू दिलं. हसून झाल्यावर यंत्रातूनच सांगितलं, "आता वही काढा. शुद्धलेखन." मी बाहेर व्हरांड्यात उभी होते. आत एकदम शांत झालं आणि वह्यांची पानं उलटल्याचा आवाज आला.