आकारामचं घोंगडं

कार्तिक लागला की कोल्हापूरच्या उत्तरेला, वारणेच्या अंगाला, भुईमूग निघालेली रानं मोकळी पडतात आणि धनगरांचे तळ त्यांत उतरतात. मेंढरं रात्रभर रानात बसली की लेंड्यांचं खत पडतं, म्हणून शेतकरी स्वतःहून सांगावा धाडतात. धोंडुबाईचा तळ दरसाल बाळासो पाटलाच्या माळालगतच्या रानात. एक घोडं, दोन कुत्री, मुलगा सयाजी, सून बाळाबाई आणि मेंढरांभोवती उभी करायची सुताची जाळी, जिला वाघूर म्हणतात. संसार एवढाच, पण धोंडुबाईचा आवाज असा, की लांबून ऐकणाऱ्याला वाटावं, जत्राच उतरलीय.

असल्या बाईला भीती कसली असणार? पण होती.

रोज दिवेलागणीला वाघूर बांधून झाली की ती नवऱ्याची, आकारामची काठी उत्तरेच्या कोपऱ्यात रोवायची आणि तिच्यावर त्याचं काळं घोंगडं खोळ करून घालायची. लांबून बघितलं तर हुबेहूब माणूस राखणीला उभा. आकारामला जाऊन आठ वर्षं झाली होती. लांडगा फसावा, चोरानं परस्पर वाट बदलावी म्हणून म्हातारी बुजगावणं करते, असं सगळे समजत. मेंढरंसुद्धा त्याच कोपऱ्याला दाटी करून बसत.

मयताची पांघरुणं बाराव्याला कुणाला तरी देऊन टाकायची रीत. धोंडुबाईनं घोंगडं दिलं नाही. बोलणाऱ्याचं तोंड कोण धरणार? भावकीतले शहाणे म्हणत, घोंगड्यात जीव अडकलाय त्याचा. बाळासो पाटील तर शपथेवर सांगे, की अंधार पडताना एम-एटी गाडी थांबवून त्यानं घोंगड्याला "रामराम पावणं" केला आणि आतून खोकला आला. पाटलाचं निम्मं बोलणं सोडून द्यायचं असतं. पण खोकला धोंडुबाईलाही ऐकू यायचा. घोंगडं घालून ती चुलीकडं वळली की पाठीमागून, कोरडा, ओळखीचा. ती मान वळवायची नाही. "व्हय, घातलंय की," एवढंच म्हणायची आणि भाकरी थापायला बसायची.

खरी गोष्ट तिनं कुणालाच सांगितली नव्हती. त्या साली लोकर कातरायला उशीर झाला होता. थंडी तोंडावर आलीय, आता राहू दे, असं आकाराम म्हणत होता, पण हेका धोंडुबाईनं धरला. मेंढरं उघडी पडली आणि कार्तिकातच अवकाळी पाऊस कोसळला. नुकतीच जन्मलेली कोकरं कुडकुडायला लागली.

"आवो, घोंगडं द्या हिकडं," ती म्हणाली. "तुमी काय कोकरू हाय व्हय?"

त्यानं हसत हसत दिलं. कोकरं जगली. त्याच्या छातीत मात्र थंडी भरली, आणि दवाखाना गाठायच्या आतच गाडीत, तिच्या मांडीवर तो गेला. म्हणजे काठीवरचं घोंगडं काही लांडग्यासाठी नव्हतं. काढून घेतलेलं ती रोज त्याला परत करत होती.

यंदा कातरणं वेळेत झालं होतं, पण पावसाला कुठलं पंचांग? दुपार कलताना पन्हाळ्याच्या बाजूनं आभाळ भरून आलं आणि घोंगडं काठीवर चढेस्तोवर सरी सुरू झाल्या. बाळाबाईनं कोकरं राहायच्या पालात घेतली. तिथंही गळत होतं. सयाजीनं अंगावरचं घोंगडं काढून कोकरांवर टाकलं आणि नुसत्या सदऱ्यावर वाघुरीला जाऊन उभा राहिला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. बापाची खोड होती, रक्तातून आली.

"आत्ती, ह्यास्नी आत बोलवा की," बाळाबाई म्हणाली. "वल्लं झाल्याती निस्तं."

धोंडुबाईनं बाहेर बघितलं. कोपऱ्यात दोघं उभे होते. एक घोंगड्यातला आणि एक उघडा, भिजणारा. तोच बांधा, तीच मान खाली घालायची तऱ्हा. आठ वर्षांपूर्वीचं सगळं पुन्हा समोर उभं होतं.

ती चिखलातून काठीजवळ गेली. या वेळेला घोंगड्याकडं तोंड करून उभी राहिली.

"तुमचंच पोरगं हाय," ती हळू म्हणाली. "मला काय म्हणायचं त्ये म्हणा. ह्ये त्याला देतो."

घोंगडं ओढताना ते काठीला अडकलं, की कुणी धरलं, ते तिला कळलं नाही. मग सैल झालं. तिनं ते सयाजीच्या डोक्यावरून घातलं.

सयाजी दचकला. त्यानं त्या मोकळ्या काठीकडं बघितलं आणि बारक्या आवाजात विचारलं, "आये, आन आबाला?"

म्हणजे घोंगडं कुणासाठी, ते पोराला ठाऊक होतं. इतकी वर्षं ठाऊक होतं आणि तो गप्प राहिला होता.

"त्येनीच दिलंय," ती म्हणाली.

मग ती चुलीकडं वळली. पाऊस अंगावर घेत रोजच्या जागेवर थांबली. आता खोकला येणार, रागाचा येणार, हे ती धरूनच चालली होती. पाऊस पडत राहिला, मेंढरं एकमेकांत माना खुपसून बसली. खोकला आला नाही.

ज्या आवाजाची तिनं आठ वर्षं धास्ती घेतली, त्याचीच ती आता कान देऊन वाट बघत होती. बाळाबाईनं हाक मारली तेव्हा कुठं ती हलली. पीठ परातीत घेतलं, पण भाकरी काही थापली नाही. नवरा गेल्याला आठ वर्षं झाली होती, आणि धोंडुबाई त्या संध्याकाळी पहिल्यांदा रडली.