मामंजींची छर्र्याची बंदूक

“ती बंदूक न्हाई वहिनी, शोभेची वस्तू हाय! शोभेची!” भाऊजींनी हे तिसऱ्यांदा सांगितलं.

“शोभेची तुमच्या व्याह्यांची मिशी,” मी म्हणाले. “बंदूक झाडायची असते!”

व्याही पडवीतच उभे होते. मिशीवरून फिरणारा हात त्यांनी हळूच खिशात घातला.

भांडण असं रंगात आलेलं असताना मध्येच थांबवते, राग मानू नका. पण या एका बंदुकीपायी सहा महिन्यांत इतके किस्से साठलेत, की गोठ्यातल्या शेणासारखं झालंय. आज काढावं, तर उद्या तेवढंच! आधी ते ऐका. भांडण कुठं पळून जात नाही.

बंदूक माझ्या सासऱ्यांची, म्हणजे मामंजींची. हवेची. नळी खाली वाकवायची, छर्रा घालायचा, नळी सरळ करायची, घोडा ओढायचा. ज्वारीवरची पाखरं उठवायला ते हवेत बार काढत. मामंजी गेले, मग माझे मालक गेले. वाटण्या झाल्या, एका अंगणात दोन चुली झाल्या, पण बंदूक माळ्यावरच बंद पडून राहिली. यंदा भाऊजींच्या व्याह्यांनी हायवेला मिसळीचं हॉटेल काढलं. भिंतीवर कंदील टांगून झाले, घुंगरमाळा झाल्या. आता बंदूक पाहिजे! आणि भाऊजींनी मला न विचारता शब्द देऊन टाकला.

मी म्हटलं, “चालती करून दाखवते.”

मग ठरलं. दसऱ्याच्या आत, भाऊजींच्या समोर, वीस पावलांवरची नारळाची करवंटी फोडली तर बंदूक माझी. नाहीतर मिसळवाल्याच्या भिंतीला. साक्षीदार माझी जाऊ शालन, म्हणजे भाऊजींचीच बायको.

“चौथी शिकलेली बाई बंदूक दुरुस्त करणार!” भाऊजी पोट धरून हसले.

चाळीस वर्षं मी पंचक्रोशीतले फवारणीचे पंप, स्टोव्ह आणि शिलाई मशिनी दुरुस्त करते. शिकवायला कुणी आलं नव्हतं. यंत्र खोटं बोलत नाही, एवढं कळलं की पुढचं आपोआप कळतं.

*

पहिल्याच दिवशी मागचा बोल्ट काढला. आत स्प्रिंग दाबून बसवलेली असते, हे मला माहीत होतं. किती दाबून, ते माहीत नव्हतं!

सटकन सुटली, माझ्या कानाजवळून गेली आणि थेट शालनच्या आमटीत!

शालन जागची हलली नाही. पळीनं स्प्रिंग बाहेर काढली, नळाखाली धुतली आणि नवऱ्याला हाक मारली, “अवो, या हिकडं! आक्कांची बंदूक चालाय लागली! छर्रा जरा मोठा हाय एवढंच!”

*

आतल्या दट्ट्याचं चामडी वायसर उंदरांनी खाल्लं होतं. दट्ट्या म्हटला की पंपाचा काय आणि बंदुकीचा काय, हवा दाबायची तीच. जुन्नरच्या बाजारपेठेत पंपांच्या दुकानात गेले.

“कुठल्या पंपाला बसवायचं, आजी?”

“पंपाला न्हाई. बंदुकीला.”

दुकानदार दोन पावलं मागं सरकला. “आजी, मागच्या बारीला माझ्याकडनं काय चुकलं व्हतं का?”

वायसर आणलं, कात्रीनं मापात कापलं. चामडं मऊ राहावं म्हणून दोन दिवस शेंगदाण्याच्या तेलात भिजत घातलं. इथं मात्र मी चुकले. मान्य करते. हवा जोरात दाबली की तापते, हे पंपावर इतकी वर्षं हात भाजून घेऊनही मी विसरले! घोडा ओढला आणि आतलं तेल पेटलं. धडाम! नळीतून निळा धूर. कोंबड्या पळाल्या, मी कान धरून खाली बसले.

तेवढ्यात शेजारच्या पारूबाईनं कुंपणावरून डोकं वर काढलं. नाक वर करून वास घेतला आणि विचारलं, “भजी कुणाकडं तळत्यात गं?”

*

जुनी नळी मोठ्या भोकाची, त्यात आतून घासून गुळगुळीत झालेली. हल्ली मिळणारे छर्रे बारके. इकडून छर्रा घातला की तिकडून टपकन पायावर! म्हणजे नळीत दुसरी बारीक नळी बसवायला हवी. ती आणायची कुठून?

डिंभ्याच्या बाजूला एका यात्रेला गेले होते. तिथं फुगे फोडायचा स्टॉल. पहिले तीन छर्रे मी मुद्दाम वाया घालवले. छर्रा दर वेळी वीतभर उजवीकडं जात होता. यंत्र खोटं बोलत नाही, यंत्राचा मालक बोलतो! मग मी वीतभर डावीकडं नेम धरला आणि रांगच्या रांग साफ केली. माणसं जमली, शिट्ट्या वाजायला लागल्या. फुगेवाला फुगे फुगवून फुगवून लाल झाला.

“आजी, टेडी घ्या. दोन घ्या. पन आता थांबा!”

“टेडी घेऊन काय करू? ती कोपऱ्यात मोडकी बंदूक पडलीय, तिची नळी दे.”

दिली बिचाऱ्यानं. वर हात जोडून म्हणाला, “पुढची यात्रा कुठली करनार तेवढं सांगा. म्हंजी मी तिकडं येत न्हाई!”

मंचरला एका लेथवाल्याकडून नळीत नळी बसवून घेतली. मी शेजारी स्टूल टाकून बसले होते. तीनदा परत करायला लावलं. चौथ्यांदा त्यानं न सांगता स्वतःच खोलून परत केलं.

*

उजव्या डोळ्यानं मला दोन वर्षांपासून धुकं दिसतं. डावा अजून पक्का आहे. पण बंदुकीच्या लाकडी दस्त्याला गाल टेकायचा उंचवटा, तो उजव्या खांद्याला बंदूक लावणाऱ्यासाठी. सुताराकडं गेले. तो म्हणाला, “आजी, बंदूक डावी नसती.”

“मग माझा डावा डोळा काढून उजवीकडं बसव.”

त्यानं कानस काढून माझ्या हातात दिली. दस्ता मीच घासला, नवा उंचवटा मीच चिकटवला.

राहिला नेम. नळीच्या टोकाची माशी, म्हणजे नेम धरायचा बारका खुंट, अंधुक दिसायची. सुईचं नाक शोधताना मी मूठ आवळून मुठीतल्या बारीक भोकातून बघते, तेव्हा सगळं स्वच्छ दिसतं. मग बंदुकीवर मागच्या बाजूला शिलाई मशिनीचं बारीक भोकाचं वायसर उभं बसवलं. माशी सुईसारखी दिसायला लागली!

खोडदच्या दुर्बिणीच्या मोठाल्या अँटेनांवर कामाला असलेले एक साहेब मिक्सर दुरुस्तीला घेऊन आले होते. त्यांनी भोकातून पाहिलं, चष्मा काढून परत पाहिलं. मग उजेडाच्या रेघा कागदावर काढून, भोक बारीक असलं की स्वच्छ का दिसतं, ते मला अर्धा तास समजावलं. शेवटी म्हणाले, “पण आजी, हे तुम्हाला शिकवलं कुणी?”

“सुईनं!”

साहेबांनी कागदाची घडी करून खिशात ठेवली.

*

चालती झाली म्हणजे लागते असं नाही. पहिला आठवडा मी फक्त मातीचा बांध मारला. दुसऱ्या आठवड्यात बांधावरची करवंटी हलली. रोज सकाळी जनावरांचं आवरलं की वीस छर्रे. खांदा दुखला तर हळद लावून वीस छर्रे. महिन्यानं विसातल्या अठरा करवंट्या फुटायला लागल्या.

गावात बातमी गेली. एक पावणं आले. “काकू, चार दिवस द्या बंदूक. वानरांनी उच्छाद मांडलाय.”

“न्हाई देणार.”

“करवंट्या फोडून काय मिळतं वो तुमाला?”

“करवंटीला पोटाशी पिल्लू नसतं, पावणं. चहा घ्या आन निघा.”

*

आता भाऊजींनी यायचं आणि बघायचं, एवढंच राहिलं होतं. पण भाऊजी येतील तर शपथ! आधी पितृपंधरवडा. मग कांद्याची रोपं. मग म्हणे मान आखडली.

शालन सांगायला आली, “मान खरंच आखडलीय, आक्का. रोज सकाळी गच्चीवर वाकून तुमच्या करवंट्या मोजत्यात ना!”

*

असं करत खंडेनवमी उजाडली. शालननं पडवीत पाट मांडले. पाने, पकडी, कोयते, माझं शिलाई मशीन, आणि मधोमध मामंजींची बंदूक. हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली. आणि नेमके तेव्हा भाऊजी आले! बरोबर व्याही. दारात टेम्पो. मग ते शोभेचं आणि मिशीचं झालं, ते तुम्ही ऐकलंच.

“दसऱ्याच्या आत ठरलं व्हतं,” भाऊजी म्हणाले. “उद्या दसरा. मुदत सपली!”

“सपली कशी? आजचा दिवस हाय की. शालन, ठेव करवंटी.”

शालननं ती आधीच बांधावर ठेवली होती. मी पाटाकडं वाकले.

“हां हां, वहिनी!” भाऊजी आडवे आले. “आज खंडेनवमी! पूजेतलं अवजार आज उचलत्यात का कुठं? बाबांनी कधी उचललं व्हतं?”

खरं होतं. मामंजी त्या दिवशी कोयत्यालासुद्धा हात लावू देत नसत. मी हात मागं घेतला.

भाऊजींनी व्याह्यांना डोळा घातला. “चला पावणं, धरा तिकडनं. हळू! माळ ऱ्हाऊ द्या तशीच, भिंतीवर लई झ्याक दिसंल!”

व्याही वाकले. दस्त्याला त्यांची बोटं लागणार, तेवढ्यात मी म्हणाले, “भाऊजी, अवजार असंल तर ते आज पाटावरनं हलत न्हाई, आन शोभेची वस्तू असंल तर मी आत्ता करवंटी फोडते. काय ते एकदा तुमीच ठरवा!”